मिठाचा रस्ता

मोटार हाकण्याची विद्या आपणांस चांगली अवगत आहे, असा आमचा पंचवीस वर्षे समज होता. आणि तो अगदीच निराधार होता असे आमचे वैरीही म्हणणार नाहीत. वरंध घाट आम्ही भर श्रावणात धुक्यातून उतरलो आहोत. कुंभार्ली घाटाच्या वळणावर समोरून अंगावर आलेल्या मालमोटारीला बगल दिली आहे. आणि दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रस्त्याने मोटार नेऊन, एकाही दुचाकीस्वाराच्या केसाला धक्का न लावता, ती घरी परत आणली आहे. ज्याने हे केले असेल त्यालाच याची किंमत कळेल. आमच्याकडे मोटार हाकणे ही मुळात संभाषणाची कला आहे. चहूंकडे माणसे, गुरे, हातगाड्या आणि आपल्याच तंद्रीत चाललेल्या म्हाताऱ्या. या सर्वांशी भोंग्याने, दिव्याने, हाताच्या इशाऱ्याने आणि वेळ पडल्यास जिभेने बोलत बोलत पुढे सरकावयाचे. क्षणाक्षणाला काहीतरी करीत राहावयाचे. जो करावयाचा थांबला तो अडकला.

ही विद्या घेऊन आम्ही 2013 सालच्या मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी लागताच, सहकुटुंब नामिबियास गेलो. आमचे चिरंजीव तेव्हा तेथल्या वॉल्व्हिस बे बंदरात नोकरीस होते. हा देश आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आहे. 1990 च्या मार्चमध्ये तो स्वतंत्र झाला. वॉल्व्हिस बे मात्र दक्षिण आफ्रिकेने आणखी चार वर्षे आपल्याकडेच ठेवले होते. विस्ताराने हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि 2011 च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या भरली एकवीस लाख. आमच्या एकट्या पुणे शहरात त्या साली याहून दहा लाख माणसे अधिक होती. या एका आकड्यावरून तेथल्या रस्त्यांची कल्पना आम्हांला यावयास हवी होती. ती आली नाही. वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, एवढे ऐकून आम्ही निर्धास्त झालो होतो.

बेत असा होता, की स्वाकोपमुंड गावाहून सकाळी निघावयाचे, किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस जावयाचे, ऊगाब नदीच्या मुखाशी ‘स्केलेटन कोस्ट’ म्हणजे सांगाड्यांचा किनारा या नावाच्या राष्ट्रीय उद्यानात शिरावयाचे, आणि संध्याकाळी स्प्रिंगबॉकवासर या आतल्या बाजूच्या नाक्यावरून बाहेर पडून मुक्कामास जावयाचे. मजल साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासची. अट एकच: ऊगाबच्या फाटकाशी दुपारी तीनच्या आत पोहोचले पाहिजे. त्यानंतर आत सोडीत नाहीत, कारण पलीकडे दिवस मावळल्यावर वाट चुकलेल्या माणसास विचारावयाला दुसरे माणूस नाही.

डाव्या हाताला अटलांटिक महासागर, उजव्या हाताला नामिबचे वाळवंट, आणि मधून हा रस्ता. पहिल्या दर्शनी तो डांबरीच वाटतो. तसाच काळसर, तसाच गुळगुळीत. वस्तुतः तो मिठाचा आहे. जिप्सम मिसळलेला मुरूम अंथरावयाचा, त्यावर समुद्राचे आटवून दाट केलेले खारे पाणी ओतावयाचे, वरून रूळ फिरवावयाचा, की झाला रस्ता. खड्डा पडला तर पुन्हा मुरूम आणि पुन्हा खारे पाणी. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे माती घट्ट बांधलेली राहते आणि धूळ म्हणून उडत नाही. ही युक्ती चालते याचे कारण तेथे पाऊस पडत नाही म्हटले तरी चालेल. वर्षाकाठी वीसएक मिलिमीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या एका सरीइतका. मात्र धुके पडते, आणि ते धो धो पडते असेच म्हणावेसे वाटते. दक्षिणेकडून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह या किनाऱ्याला घासून वाहतो. त्याच्यावरची हवा गारठते, वर चढून तिचे पावसाचे ढग होत नाहीत, आणि रात्री ती धुके होऊन जमिनीवर चालून येते. त्या वाळवंटातला एक काळा भुंगा पहाटे टेकडीच्या माथ्यावर डोके खाली, पाठ वर करून उभा राहतो, आणि पाठीवर जमलेले धुक्याचे थेंब घरंगळत तोंडाशी आले की पितो. इतक्या काटकसरीने पाणी पिणारा प्राणी आम्ही दुसरा ऐकलेला नाही. परंतु जे धुके भुंग्यास जीवन, तेच मोटारवाल्यास संकट. कारण मिठाचा रस्ता भिजला की शेवाळलेल्या फरशीसारखा होतो, आणि दिसावयास मात्र कालच्याइतकाच भरवशाचा दिसतो.

हे सर्व चिरंजीवांनी आम्हांला सकाळी निघतानाच सांगितले होते. ते आम्ही ऐकून घेतले होते. ऐकून घेणे आणि ऐकणे यांतला भेद आम्ही वर्गात पुष्कळदा समजावून दिला आहे.

पहिला टप्पा तेच चालवीत होते. हेंटीस बे गावाच्या थोडे अलीकडे त्यांनी मोटार थांबवून समुद्राकडे बोट दाखविले. लाटांच्या फेसात एक गंजलेली मासेमारीची बोट तिरपी रुतून उभी होती आणि तिच्या दोरखंडांवर पाणकावळे दाटीने बसले होते. “बाबा, ही झाइला,” चिरंजीव म्हणाले. “ही आपल्या मुंबईला निघाली होती.” 2008 सालच्या ऑगस्टची 25 तारीख. बोट जुनी झाली म्हणून एका हिंदुस्थानी कंपनीला मोडीत विकली होती. दुसरी नौका तिला ओढून मुंबईकडे नेत असता, वॉल्व्हिस बे सोडल्यावर थोड्याच वेळात ओढणारा दोर सुटला आणि ती येथे येऊन लागली. मुंबईत दारूखान्याला जुन्या बोटी कापताना आम्ही पाहिल्या आहेत. ते दृश्य काही फार मनोहर नसते. सौभाग्यवती बराच वेळ त्या बोटीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “बरीच झाली म्हणायची इथे लागली ते. पक्ष्यांना तरी घर झालं.”

हेंटीस बे येथे पेट्रोल भरले. तेथे आम्ही चिरंजीवांकडे किल्ली मागितली.

येथे थोडे मागे गेले पाहिजे. 2005 साली चिरंजीव अठरा वर्षांचे झाले आणि त्यांना मोटार शिकविण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले. शिकविणे हा आमचा पेशा आहे. परंतु शेजारच्या खुर्चीत बसून शिकविताना आम्ही जितके ओरडलो तितके कॉलेजात सबंध कारकिर्दीत ओरडलो नसू. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मोटार मागे घेताना शेजाऱ्यांच्या फाटकाचा खांब पाडला. कोणास लागले नाही. खांबाचे पैसे आम्ही त्याच दिवशी भरले. मात्र मोटारीची किल्ली जी खिशात घातली, ती दोन वर्षे त्यांच्या हाती लागू दिली नाही. त्यांनीही पुन्हा मागितली नाही. पुढे नोकरीनिमित्त बाहेर गेल्यावर ते कोठेतरी, कोणाकडून तरी शिकले; कोणाकडून, हे आम्ही विचारले नाही.

असो. किल्ली मागितली तेव्हा त्यांनी एकवार धुक्याकडे पाहिले, एकवार आमच्याकडे, आणि दिली. “साठाच्या वर जाऊ नका,” एवढेच म्हणाले. आम्ही साठावर होतो. मग सत्तरावर होतो. खरे सांगावयाचे तर रस्ता रिकामा असला की वेग कळतच नाही. शेजारून झाडे पळत नाहीत, घरे पळत नाहीत, मैलाचे दगडही नाहीत. मासे धरणाऱ्यांचे तळ तेवढे अंतरावरून ओळखावयाचे, कारण त्यांची नावेच मुळी मैल 72, मैल 108 अशी आहेत. वेगाच्या काट्याकडे पाहिले तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता.

अकराच्या सुमारास समोरच्या पांढऱ्या भिंतीतून दोन दिवे उगवले, आणि त्यांच्यावर उंच उभ्या काठ्यांचा एक जुडगा दिसला. क्षणभर आम्हांला उसाची गाडीच आली असे वाटले. तो मासे धरावयास निघालेला कोणी गृहस्थ होता; तिकडे हे लोक आपले लांबलचक गळ मोटारीच्या पुढच्या बाजूस उभे बांधून हिंडतात. तो आपल्या बाजूने नीट चालला होता. रस्ता दोघांना पुरून उरेल इतका रुंद होता. काहीच करावयाची आवश्यकता नव्हती. परंतु पंचवीस वर्षांच्या संस्काराने आमच्या हातापायांनी आम्हांला न विचारता तीन गोष्टी एकदम केल्या: भोंगा वाजविला, ब्रेक दाबला आणि मोटार डावीकडे ओढली. कुंभार्लीच्या घाटात या तिन्ही गोष्टींनी जीव वाचला असता.

मोटार थांबली नाही. ती वळली, परंतु आम्ही वळविली तशी नव्हे. आवाजही काही झाला नाही, हे आम्हांला अजून विलक्षण वाटते. चाके करकचली नाहीत, काही घासले नाही. बर्फावरून सरकावी तशी ती आडवी झाली, समुद्र एकदा समोरच्या काचेत दिसला, मग उजवीकडच्या खिडकीत दिसला, आणि मग रस्त्याच्या कडेच्या मऊ वाळूत चाके रुतून मोटार उभी राहिली. तोंड ज्या दिशेने आलो त्या दिशेला. वाळूचा कठडा जरा उंच असता तर ती उलटली असती; त्या देशात परक्या प्रवाशांच्या मोटारी उलटतात त्या बहुधा अशाच. थर्मासमधला चहा सौभाग्यवतींच्या पदरावर सांडला होता. त्यांनी मागून आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. बाहेर लाटा आपटत होत्या. कोणी काही बोलले नाही.

तो मासेवाला गृहस्थ मात्र पुढे जाऊन थांबला होता. पांढऱ्या दाढीचा, गुडघ्यापर्यंत बूट घातलेला. त्याने आम्हांला काही विचारले नाही, फक्त तिघे चालते-बोलते आहोत एवढे पाहिले, आणि एकेका चाकाशी उकिडवा बसून आगकाडीच्या टोकाने हवा सोडू लागला. त्या शांततेत ते फुसकारणे फार वेळ चालले होते. फुगलेले चाक वाळू कापते आणि खाली जाते. निम्मे सैल केलेले चाक उंटाच्या पावलासारखे पसरते आणि वर राहते. चिरंजीवांनी चाकांपुढची वाळू फावड्याने ओढली आणि चाकावर बसून, जराही घाई न करता, मोटार रस्त्यावर आणली. मग लहान पंपाने चाकांत पुन्हा हवा भरणे झाले. यात तासभर गेला. गृहस्थाने पैसे घेतले नाहीत. सौभाग्यवतींनी दिलेल्या चकल्या मात्र घेतल्या.

आम्ही मुकाट्याने शेजारच्या बाजूस जाऊन बसणार, तोच चिरंजीव खाली उतरले आणि किल्ली पुढे करून म्हणाले, “बाबा, घ्या.”

“तूच चालव आता.”

“नाही. आता नाही चालवलीत तर पुढे चालवणार नाही तुम्ही.” थोडे थांबून ते म्हणाले, “मला माहीत आहे ते.”

सौभाग्यवती खिडकीतून समुद्र पाहत होत्या. आम्ही किल्ली घेतली. हात कापत होते, हे येथे लिहून ठेवतो. त्या वेळी तो गारठ्याचा परिणाम आहे असे सांगितले होते.

मग आमचे खरे शिक्षण सुरू झाले. “चाक घट्ट धरू नका, नुसते हात ठेवा. ब्रेक विसरा, वेग कमी करायचा तर पाय उचला आणि वाट बघा. घसरू लागली तर घसरू द्या, ती आपणच सरळ होते. समोरून कोणी आलं तर काही करू नका.” ते एकदाही ओरडले नाहीत. काही करू नका हा उपदेश ऐकावयास किती सोपा! ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत त्याला तो पाळण्यास काय पडते, ते सांगता येणार नाही. धुक्यातून आणखी दोन मोटारी आल्या. दोन्ही वेळा आम्ही काही केले नाही, आणि दोन्ही वेळा त्या निघून गेल्या.

केप क्रॉसच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला लाकडी मेजे मांडलेली दिसली. त्यांवर मिठाचे मोठमोठे खडे, काही पांढरे, काही गुलाबी झाक असलेले. बाजूला पैसे टाकावयाचा एक डबा. आणि क्षितिजापर्यंत माणूस नाही. सौभाग्यवतींनी एक गुलाबी खडा घेतला, पैसे दोनदा मोजून डब्यात टाकले, आणि कोणी पाहत नसताना पैसे टाकण्यात काही वेगळेच समाधान असते असे म्हणाल्या. केप क्रॉस म्हणजे 1486 साली दियोगू कांव या पोर्तुगीज दर्यावर्दीने आपल्या राजाच्या नावे जेथे दगडी क्रूस उभारला ते ठिकाण. मूळ क्रूस 1893 साली जर्मनांनी उचलून नेला. 2019 साली बर्लिनच्या संग्रहालयाने तो परत देण्याचे ठरविले. आम्ही पाहिली ती प्रतिकृती. तेथे सीलांची प्रचंड वसाहत आहे. हजारो प्राणी एकाच वेळी ओरडतात, आणि त्यांचा वास अर्ध्या कोसावरून स्वागतास येतो. दहा मिनिटांत आम्ही परत फिरलो. तीनची अट डोक्यावर होती, तरी काटा साठाच्या वर गेला नाही. वेळ होईल की नाही याची चिंता चिरंजीवांनी एकदाही बोलून दाखविली नाही.

ऊगाबच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा तीनला वीस मिनिटे कमी होती. फाटकावर कवटी आणि दोन हाडे रंगविली आहेत. कारकुनाने मोटारीचा क्रमांक, माणसे किती, हे वहीत उतरून घेतले.

आत गेल्यावर मिठाचा गुळगुळीतपणा विरत जातो आणि खडीचा रस्ता लागतो. येथे दुसरी परीक्षा. सबंध रस्त्यावर आडव्या लाटा उठलेल्या, जणू पन्हाळी पत्राच अंथरला आहे. मोटारीतली प्रत्येक वस्तू, दातांसकट, खडखडू लागते. या लाटा मोटारीच्या स्प्रिंगांमुळे उठतात असे आम्हांला वाटत होते. 2007 साली टोरोंटो, केंब्रिज आणि लियों येथील संशोधकांनी वाळूच्या फिरत्या तबकावर एक लहानसे चाक ठेवून दाखवून दिले, की स्प्रिंग असो वा नसो, एका मर्यादेपलीकडे वेग गेला की चाक लाटा पाडतेच. आणि ती मर्यादा इतकी खाली आहे, की त्या वेगाने कोणी मोटारवाला जावयाचा नाही. म्हणजे रस्ता बिघडवितो तो प्रत्येक जण, आणि तक्रार करितो तोही प्रत्येक जण. यातली खरी मेख पुढे आहे. वेग वाढविला की खडखड थांबते; चाके लाटांच्या केवळ शेंड्यांना टेकत जातात आणि मोटार तरंगल्यासारखी सुरेख चालते. त्या वेळी ती जमिनीला जेमतेम धरून असते. सुख वाटू लागले की समजावे, ताबा गेला. आम्ही खडखड सोसली.

उजवीकडे तेलाच्या शोधात कोणी सोडून दिलेल्या यंत्राचा गंजून कोसळलेला सांगाडा दिसला. उत्तरेस, या वाटेच्याही फार पलीकडे, 1942 सालच्या नोव्हेंबरात ‘डनीडिन स्टार’ हे ब्रिटिश जहाज लागले होते. त्यावर एकशे सहा माणसे होती, त्यांत बायका आणि तान्ही मुलेही. सोडवावयास गेलेली आगनाव स्वतःच फुटली आणि तिच्यावरचे दोघे गेले. पाणी-अन्न टाकावयास आलेले विमान वाळूत उतरले ते रुतले. शेवटी विंडहुकहून निघालेल्या मोटारगाड्या, फावड्यांनी वाट काढीत, कित्येक दिवसांनी त्या लोकांपर्यंत पोहोचल्या. जहाजावरची सगळी माणसे वाचली. 1944 साली जॉन मार्श याने त्यावर पुस्तक लिहिले, आणि ‘स्केलेटन कोस्ट’ हेच त्याला नाव दिले. चिरंजीव हे सांगत होते आणि आम्ही त्या गाड्यांच्या चालकांचा विचार करीत होतो. मध्येच, कोणता प्रसंग आहे हे लक्षात न घेता, आमच्या तोंडून निघाले, “तेव्हा ती किल्ली मी जरा जास्तच दिवस—”

“डावीकडे वाळू आलीय,” चिरंजीव म्हणाले. “हळू.”

आम्ही हळू केली.

स्प्रिंगबॉकवासरच्या नाक्यावर पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. तेथल्या बाईने आपल्या वहीत आमची नोंद केली आणि हात करून फाटक उघडले. सौभाग्यवती मागे झोपी गेल्या होत्या. त्यांच्या मांडीवर रुमालात बांधलेला तो मिठाचा खडा होता.

तो आता पुण्यास आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटावर असतो. उन्हाळ्यात खडखडीत कोरडा. मृग लागला की त्याला पाझर फुटतो, आणि सौभाग्यवती त्याच्याखाली बशी सरकवितात. बारा पावसाळ्यांत तो निम्म्यावर आला आहे. चिरंजीव रजेवर आले, की आल्या आल्या तो उचलून त्याचे वजन पाहतात. मोटारीची किल्लीही त्याच बशीशेजारी असते. सकाळी जो आधी उठतो तो ती घेतो.